नैवेद्याआधीचा घास

उगवलेलं काहीही उत्तराला उपटवत नसे, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. बी आपण टाकलेलं असो की वाऱ्याने आणलेलं, कुंडीत हिरवा कोंब दिसला की बाई पाण्याचा तांब्या घेऊन हजर. खोपटच्या दोन खोल्यांतून वर्तकनगरच्या सोसायटीत राहायला आली आणि गच्ची बघून वेडीच झाली. रोप कुठलं आणि रान कुठलं हे कळायला माणसाचा एक पावसाळा तरी जावा लागतो. उत्तराचा हा पहिलाच होता.

मोहने गावच्या तिच्या धाकूमामांनी तिला शिराळ्याच्या बिया दिल्या होत्या. त्यांचा एक वेल आला. शेजारच्या पिंपात तिने रस्त्याकडेच्या पडीक जागेतली माती आणून भरली होती, त्यात दुसरा आपसूक उगवला. पानं तशीच, फुलं तशीच पिवळी. दोन्ही वेलांनी एकाच मांडवावर गळ्यात गळे घातले. देव देतोय तर आपण नाही कशाला म्हणा, म्हणून उत्तराने दोघांनाही सारखंच खत घातलं.

सोसायटीची सेक्रेटरी संचिता या बागेच्या विरोधात होती. गळती होईल, डास होतील, तिच्याकडे कारणांना तोटा नव्हता. शेवटी ए विंगच्या मालनकाकू मध्ये पडल्या. "ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही आपल्याला," त्या मीटिंगमध्ये म्हणाल्या. "बाजारातली भाजी कशी पिकली, कोण सांगणार? यंदा ऋषीची भाजी आपल्या गच्चीवरची. ती खा, मग ठरवा बाग ठेवायची की काढायची." तीस वर्षं त्या हे व्रत करत होत्या आणि कॉलनीतल्या बायका त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवत. त्यांच्यापुढे कोण बोलणार!

पंचमीच्या सकाळी उत्तराने अळू, भेंड्या आणि पाच शिराळी मालनकाकूंकडे पोचवली. एक बुटकं शिराळं नवऱ्याच्या, केदारच्या भाजीसाठी मागे ठेवलं. तिचा स्वतःचा उपास नव्हता. दुपारी बाराच्या सुमारास तिने ते चिरलं आणि स्वतःच्या बागेचं कौतुक म्हणून एक फोड कच्चीच तोंडात टाकली.

जीभ कडू झालीच, पण कडूपणा थेट घशात उतरला. दोनदा चूळ भरली तरी जाईना. तिने धाकूमामांना फोन लावला.

"माझ्या बियाचा येल कडू नाय होनार गो," मामा म्हणाले. "दुसरा कुठला लावलास काय?"

"लावला नाही, आपोआप आलाय."

"मग तो रानचा. कडू शिराळी ती. टाकून दे, खाव नको. आमच्याकडं एकाला उलट्या होऊन होऊन रगत पडलं होतं. चाखल्याबिगर विळीवर घेतलीसच कशी तू?"

उत्तराच्या तोंडचं पाणी पळालं. तोडताना तिने कुठलं शिराळं कुठल्या वेलाचं हे बघितलंच नव्हतं. आणि मालनकाकूंनी चाखलं असणं शक्य नव्हतं. देवाला दाखवायच्या आधी मिठाचा कणसुद्धा जिभेवर न ठेवणारी बाई ती. तिने काकूंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग ती चपला न घालताच धावली.

ए विंगच्या त्या घरात पूजा आटपली होती. पाटावर तांदळाच्या आठ राशी, सात ऋषी आणि अरुंधती. भिंतीकडेने बारा बायका पत्रावळी मांडून बसलेल्या, सकाळपासून निरंकार. मालनकाकू नैवेद्याचं पान वाढायला पातेल्यापाशी आल्या होत्या.

"काकू, थांबा! चिरताना शिराळं चाखलंत का?"

"आज? अगं, नैवेद्य आहे तो."

"त्यात कडू शिराळं असेल. विषारी असतं ते."

"असेल म्हणजे?" संचिता बसल्या जागेवरून म्हणाली. "नक्की सांग ना. बारा जणी उपाशी आहेत इथे."

नक्की कुठून सांगणार? चाखल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि चाखलं की सगळं उष्टं. इकडे आड, तिकडे विहीर.

"कडू तर कडू," मालनकाकू म्हणाल्या. "माझ्या डायबेटिसला बरंच. प्रसाद म्हणून खाऊ." आणि त्यांनी पळी उचलली.

त्या शब्दांनीच उत्तराचा धीर सुटला. ही बाई कडू लागलं तरी थुंकणार नाही, पान चाटून पुसून खाईल, आणि तिच्यामागे सगळ्या खातील. तिने पातेल्यात हात घातला, शिराळ्याची एक फोड उचलली आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकली.

 फोड गोड होती.

"झालं समाधान?" संचिता म्हणाली. "बाटवलंस सगळं."

उत्तराचे कान तापले. आत्ता माफी मागून निघून जाता आलं असतं. पण गोड वेलही होताच की मांडवावर! तिने पुन्हा हात घातला. दुसरी फोड, तीही गोड. कुणीतरी "अगं, पुरे!" म्हणून ओरडलं.  तिने तिसरी उचलली आणि अर्धी चावली.

ती कडू जहर होती. हातातला तुकडा मोरीच्या कडेवर टाकून तिने तोंडातला घास थुंकला आणि नळाखाली तोंड धरलं.

मालनकाकू मोरीपाशी आल्या. मग त्यांनी उत्तराने टाकलेल्या फोडीचा उरलेला अर्धा तुकडा मोरीच्या कडेवरून उचलला, धुतला आणि जिभेला लावला. तीस वर्षांत नैवेद्याआधी त्यांच्या जिभेला काही लागलं नव्हतं. त्यांनी तो थुंकला, पदराने तोंड पुसलं, पातेलं उचललं आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं.

"चला गच्चीवर," त्या म्हणाल्या. "माठाची भाजी आहे ना गं अजून?"

"आहे. भेंड्यापण आहेत थोड्या."

बारा उपाशी बायका जिने चढल्या. उत्तराने आधी तो पिंपातला वेल मुळासकट उपटला. जिवावर आलं, पण उपटला. बायका माठ खुडू लागल्या. संचितानेही ओचा भरला. मालनकाकूंनी तिच्या ओच्यातली चार पानं घेतली, गच्चीवरच्या नळाखाली धुतली आणि उत्तरापुढे धरली.

"काकू, नैवेद्य व्हायचाय अजून."

"माहितीये मला. ऋषी थांबतील," मालनकाकू म्हणाल्या. "आता दरवर्षी आधी तू खायचंस."

सगळ्याजणी हातातलं काम थांबवून बघत होत्या. उत्तराने एक पान तोंडात घातलं आणि सावकाश चावलं.

"गोड आहे," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.