बाविसावं घर

रत्नागिरी स्टेशनबाहेर निलेश गाडी घेऊन उभा होता. सात वर्षांनी भेटलेल्या चुलतभावाला, म्हणजे मला, त्याने मिठी मारली आणि पहिलंच वाक्य टाकलं, "बरा टायमाला आलास हर्षद, शिमग्याला!"

"मी शिमग्याला आलेलो नाही," मी म्हणालो. "आप्पांचं काही खरं नाही म्हणून आलोय."

"ते हायच रे," तो म्हणाला आणि माझी बॅग डिकीत टाकली.

पूर्णगडच्या अलीकडे आमची वाडी. एकाच भावकीची बावीस घरं. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघरी फिरते, आणि भावकीत कोणी गेलं की बावीसच्या बावीस घरांना सुतक. सुतकाच्या घरी पालखी येत नाही. आमच्या वाडीचा दिवस सोमवार होता आणि मी उतरलो तो शुक्रवार. मुंबईची माणसं गाड्या भरभरून येत होती. माझा बाप सोमवारच्या आत गेला तर एवढ्या सगळ्यांचा शिमगा बुडणार होता.

इस्पितळात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मूत्रपिंडं गेली आहेत, दोन दिवस, फार तर चार. आप्पा नऊ दिवस तिथे पडून होते आणि हाताने एकच खूण करत होते, घरी न्या. निलेशने घसा साफ करून डॉक्टरांना विचारलं, "मशीनवर ठेवलं तर सोमवार निघंल ना?" गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरेल असं विचारावं, तसं विचारलं त्याने. मी तिथेच भडकलो. नर्स धावत आली. शनिवारी सकाळी मी कागदांवर सह्या केल्या आणि आप्पांना ॲम्ब्युलन्समधून घरी आणलं. वाडीतली माणसं अंगणाच्या कडेला उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती, जसा काही मी पालखीच्या वाटेवर काटे टाकले होते.

मी रॉटरडॅमच्या बंदरात क्रेनची देखभाल करतो. दर गणपतीला, दर शिमग्याला 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत सात वर्षं काढली. आप्पा फोनवर कधी रागावले नाहीत. "सावकाश ये," एवढंच म्हणायचे, आणि मी ते शब्दशः घेतलं. आता मला एकच हवं होतं. आप्पा जातील तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात असावा. बाकी सगळ्याला उशीर झालाच होता.

पण बसू देतील तर ना! रविवारी दिवसभर माणसांची रीघ. येणारा दारात उभा राहायचा, आप्पांची छाती वरखाली होते का ते बघायचा आणि हलक्या मनाने परत जायचा. समोरच्या जनीकाकीने तर कमाल केली. उशाशी ठेवलेला गंगाजलाचा गडू तिने उचलून फडताळात ठेवला.

"आताच तोंडात घालू नको हां," ती मला म्हणाली. "वाट मोकळी होते. मंगळवारी घाल."

मी तिला काय बोललो ते लिहीत नाही. वयाने ती माझ्या आईपेक्षा मोठी आहे.

आई बाहेर अंगण सारवत होती. मी तिच्यावरही ओरडलो. "तुझा नवरा आत शेवटच्या घटका मोजतोय आणि तू शेण कालवतेयस?"

"मग कोण सारवणार? तू?" तिने वरही बघितलं नाही.

दुपारी आप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी खुर्ची पुढे ओढली, कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"कधी आलास?"

"परवा, आप्पा."

"पालखी बघून जा," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. सात हजार किलोमीटरवरून आलेल्या मुलाला सांगायला यांच्याकडेही हेच होतं! त्यानंतर ते बोलले नाहीत.

सोमवारी सकाळपासून ढोल. एक घर झालं, दोन झाली, पाच झाली. प्रत्येक घराची बातमी कोणी ना कोणी खिडकीतून देऊन जायचं, निवडणुकीच्या मतमोजणीसारखी. आमचं घर वाडीच्या टोकाला, खाडीकडे. बाविसावं. मी सकाळपासून आप्पांचा हात धरून बसलो होतो. जेवलो नाही, फोन बंद करून टाकला. त्यांचा श्वास थांबत थांबत येत होता. घड्याळ लावून बघितलं, मध्ये तीस सेकंद जायची, कधी चाळीस. मग एकदम छाती उचलायची आणि माझाही श्वास सुटायचा.

चारच्या सुमाराला ढोल अगदी शेजारी वाजू लागला आणि निलेश खिडकीशी आला. घामाने निथळलेला, गुलालाने लाल.

"हर्षद, एकविसावं घर चाललंय. तू बोल. तुला नको असंल तर मी मानकऱ्यांना सांगतो, तुमच्या घराला लांबून नमस्कार करून पालखी पुढं नेऊ. तू बस आप्पांजवळ."

आता कळतं की तो माणुसकीने बोलत होता. तेव्हा मला ते ऐकूच आलं नाही. तीन दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. "वा रे वा! एकवीस घरं पदरात पडली, आता दया सुचली? सोमवार निघेल का म्हणून विचारलंस ना डॉक्टरांना? निघाला बघ सोमवार! माझ्या बापाला तुम्ही कॅलेंडरला टांगून ठेवलंत. नऊ दिवस तो घरी न्या म्हणून खुणा करत होता, एकाला तरी दिसलं?" एक हात आप्पांच्या हातात होता, दुसरा मी निलेशच्या तोंडापुढे नाचवत होतो. तो खिडकीचा गज धरून उभा होता. मी मशीनवर घसरलो, जनीकाकीवर घसरलो, सगळ्या भावकीची उणीदुणी काढली. किती वेळ बोललो कोण जाणे.

थांबलो तेव्हा आई आत आलेली होती. तिने आप्पांकडे बघितलं. चादर सारखी करावी तसा छातीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग निलेशला म्हणाली, "पालखी आण. माझ्या दारावरनं पुढं न्यायची नाय."

"आई, मी इथून हलणार नाही," मी म्हणालो.

"ऊठ. खांदा दे जा. बापसाचा खांदा रिकामा हाय आज."

"आणि तेवढ्यात काही झालं तर?"

"मी बसलेय." तिने त्यांच्या हातातून माझा हात सोडवला, एकेक बोट करून. आई कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी तिच्यापुढे माझं काही चाललं नाही. दहा मिनिटं, मी स्वतःला बजावलं आणि बाहेर गेलो.

निलेशने पालखीचा दांडा माझ्या खांद्यावर ठेवला. ढोलाने ठेका धरला, पालखी हलली आणि पाय आपसूक पडायला लागले. खरं सांगतो, मी सगळं विसरलो. दोन-तीन मिनिटं मी त्या सारवलेल्या अंगणात नाचलो आणि मला आनंद झाला. याची लाज मला अजून वाटते.

पालखी पाटावर टेकवली. आई बाहेर आली ती हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून, हातात खण-नारळाचं ताट घेऊन. तिने देवीची ओटी भरली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "ह्या घरचा धनी अंथरुणाला खिळलाय, त्याला आराम पडूं दे गे आई!" सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आईनेही म्हटलं. मी तिचे ओठ बघितले.

पालखी उतारावरून खालच्या वाडीकडे निघाली आणि मी धावत आत गेलो. आप्पांचे डोळे मिटलेले होते, हात छातीवर नीट जुळवलेले. मी हात धरला. तो गार होता.

"कधी?" मी विचारलं. "मी बाहेर गेलो तेव्हा ना? तरी मी सांगत होतो तुला! तरी सांगत होतो!"

"नाय रे," आई म्हणाली. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. "त्याच्या आधीच. हात तुज्याच हातात होता. तू निलेशशी भांडत होतास."

मी तिच्याकडे वळलो.

"तेव्हाच बोलायचं होतंस."

"तुज्या तोंडावर लगेच दिसलं असतं. लहानपणापासून तुला काय लपवता येत नाय." तिने कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं, पण पुसलं नाही. "मना शेवटची एकदा ओटी भरायची होती. हे असताना भरतात तशी."

निलेशला मी काय काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं. मशीन, कॅलेंडर, सगळं. माझ्या हातातला आप्पांचा हात कधी सैल पडला, ते मात्र आठवत नाही.

ढोलाचा आवाज लांब गेला. आईने उठून खिडकीतून खाली बघितलं.

"पोचली खाली," ती म्हणाली. "आता रड."