टकटक ऐकूनही गप्प राहिलेला माइक

मी पाण्याखालचा माइक बोलतोय. बोलतोय कसला, जन्मभर नुसतं ऐकत आलो! मुठीएवढा जीव, काळं रबरी अंग आणि पाठीला लांबलचक वायर. होडीत बसलेली ताई त्या वायरीतून माझं ऐकायची, संगणकात साठवून ठेवायची.

खालून येऊन समुद्राच्या पृष्ठभागावर आपटलेला आवाज कसा परततो, हाच ताईचा अभ्यास. पाणी शांत असलं की आवाज स्वच्छ परततो. लाटा उठल्या की त्याच्या चिंध्या होतात, दहा दिशांना उडतात, मागेपुढे पोचतात. साध्या टकटकीची सळसळ होते.

तिचा धाकटा भाऊ पाणबुड्या. भारी थट्टेखोर! अडकलो तर सुरीनं हवेच्या टाकीवर ठोकत राहीन, मग होडीवाल्या काकांनी खाली यायचं, असं ठरलेलं.

त्या सकाळी तो तळाशी, एका खडकापलीकडे, टकटक करणारं यंत्र बसवायला उतरला. यंत्राची लोखंडी चौकट त्याच्या पायावर कलंडली. यंत्र सुरू झालंच नाही. तो ठोकायला लागला. मधे खडक, त्यामुळे आवाज माझ्याकडे आला तो वरच्या लाटांवर आपटून, विखरून.

"वारा चढलाय. मी खाली जाऊन बघू का?" काका म्हणाले.

"थांबा हो! यंत्र सुरू केलंय त्यानं. काय सुरेख विखुरतोय आवाज! असं कधी मिळालंच नव्हतं."

अरे देवा, मला तोंड का नाही दिलंस? एकोणीस मिनिटं मी ते ऐकलं. मग त्याच्या टाकीतली हवा संपली आणि ठोके थांबले. काका उतरले, पण फार उशीर झाला होता.

आता मी ताईच्या टेबलावर पडून आहे. ती दार लावून त्या चिंध्या जोडत बसते. जोडल्या की स्वच्छ ठोके ऐकू येतात. जेवणखाण सुटलंय तिचं.

काल आई आत आली. "लगेच गेला ना गं तो? त्रास नाही ना झाला?"

"नाही गं आई. लगेच गेला."

"यात त्याचं काही असेल तर मला ऐकव."

ताईनं न जोडलेला आवाज लावला. आई डोळे मिटून ऐकत राहिली.

"नुसती सळसळच आहे गं."

"हो. लाटा आहेत."

"राहू दे चालू," आई म्हणाली. "बरं वाटतंय."

माणसांनो, मला फोडून टाका. पण त्या माउलीला खरं सांगू नका.