फांदीआड

"हिरवा! हिरवा झाला रे! ...थांब, गेला. लाल झाला मेला परत," शेजारीण काकूच्या घराच्या खिडकीतून ओरडली.

पुतण्या पान्हा घेऊन छपरावर उभा होता. सकाळपासून त्यानं डिशचं तोंड इतक्या वेळा इकडेतिकडे वळवलं होतं की नट-बोल्टालाही कंटाळा आला असेल. दूर डोंगरावर इंटरनेटचा मनोरा, मध्ये दरी, आणि दरीच्या अलीकडे काकूच्या अंगणातलं झाड. वाऱ्यानं पानं बाजूला झाली की डिशला जोडलेल्या घरातल्या डब्याचा दिवा हिरवा होई. वारा पडला की लाल.

चूक त्याचीच होती. वस्तीत बिनतारी इंटरनेट आणायचं ठरलं तेव्हा पाहणीला तोच आला होता. मनोरा फक्त काकूच्या छपरावरून दिसत होता, म्हणून डिश तिथं बसवली. पण तेव्हा पानगळ होती. उघड्या काड्यांमधून डोंगर लख्ख दिसत होता. "काकू, आरशासारखा दिसेल तुझा लेक," असं तो छातीठोकपणे म्हणाला होता. झाडाला पुन्हा पानं फुटतात, हे खेड्यात वाढलेल्या माणसानं विसरावं! डिशसाठी उंच खांब मागवला होता, पण तो यायचा पुढच्या आठवड्यात. आणि काकूच्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं. आज दिवस मावळायच्या आत तो इस्पितळातून फोन लावणार होता.

पुतण्या खाली उतरला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पाणी प्यायला, पेला उगाच परत भरला.

"काकू, एकच फांदी तोडतो. कुऱ्हाड कुठंय?"

"आधी वर बघ."

त्यानं पाहिलं. त्याच फांदीच्या बेचक्यात घरटं होतं. त्यातून तीन चोची आ वासून बाहेर डोकावत होत्या.

"अगं, पाखरं काय, दुसरं घरटं बांधतील. आपल्या धाकट्याचं उद्या ऑपरेशन..."

"माझं लेकरू डोळ्यांना दिसावं म्हणून दुसरीची लेकरं खाली पाडू?" काकू हळूच म्हणाली. "मग उद्या कुठल्या तोंडानं देवाकडे मागू रे?"

तिचा आवाज कधी चढत नसे. म्हणूनच तिच्याशी कुणाला भांडता येत नसे. याच आवाजानं तिनं आईविना असलेल्या पुतण्याला नि आपल्या लेकाला एका ताटात वाढवलं होतं.

"आला! फोन आला!" शेजारणीनं हाळी दिली. "अगं बाई, तोंड दिसतंय नि अडकतंय. नुसता कान राहिलाय!"

पुतण्यानं दोर उचलला आणि झाडावर चढला. दोर फांदीत अडकवला, पाय बुंध्याला रोवले आणि अलगद ओढलं. फांदी बाजूला झुकली.

"हिरवा!"

"बांधून टाक नि खाली ये," काकू म्हणाली.

"बांधली तर वाऱ्यानं हिसका बसेल, घरटं कलंडेल. हातात धरली की वाऱ्याबरोबर सैल सोडता येते. तू बोल जा!"

ती आत गेली. वारा फांदी ओढत होता, तो थोडी देत होता, पुन्हा घेत होता. तळहात सोलवटले. पिल्लांची आई डोक्यावरून घिरट्या घालत त्याला शिव्या मोजत होती. आतून शब्द कळत नव्हते. एकदा काकू हसली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"दिवा?" तो ओरडला.

"हिरवा आहे रे, हिरवाच आहे!" शेजारीण म्हणाली.

काकू दारात आली. फोन हातातच होता.

"तुला विचारतोय. म्हणतो, दादाला भेटल्याशिवाय झोपायचं कसं? ये खाली."

"मी खाली आलो तर तो जाईल, काकू."

काकूनं वर पाहिलं. दोर पाहिला, त्याचे हात पाहिले. शेजारणीकडे पाहिलं. ती बिचारी दाराची चौकट धरून कशीबशी उभी राहणारी, ती काय दोर धरणार! मग काकू उंबरठ्याबाहेर आली, जिथवर डब्याची रेंज पोचत होती तिथवर, आणि फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पडदा झाडाकडे वळवला.

एवढ्या उंचीवरून चेहरा कुठला दिसायला! काड्यापेटीएवढा उजेड दिसत होता आणि त्यात काहीतरी हलत होतं. हात असावा.

पुतण्याचे दोन्ही हात दोरात होते. त्यानं मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली, जोरात, लांबून कळेल अशी.