तीन वेळचं पाणी

मी बोलतोय, चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतलं लिंबाचं झाड. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाढलेलं. हल्ली मला फारसं काही जाणवत नाही, म्हणून आठवतं तेवढं सरळ सांगून टाकतो.

माझी बी केरात जाता जाता वाचली. लिंबू पिळताना ती चमच्यात आली. घरातल्या बाईने ती चोखून बुळबुळीतपणा घालवला, ओल्या रुमालात गुंडाळली आणि कान तुटलेल्या कपात पुरली. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती, त्यामुळे सगळं मापात. रोज माझ्या मातीत दोन पेरं बोट खुपसायची. बोट कोरडं निघालं तरच पाणी, नाहीतर नाही. एकदा मला वाटलं, किती हा चिक्कूपणा!

तिचा नवरा प्लंबर. तो म्हणायचा, "सात वर्षं झाली, एक लिंबू नाही. ह्याचे काटे विकायचेत का आपल्याला?" माझे काटे खरंच बोटभर होते, आणि कपडे वाळत घालताना त्याने बऱ्याचदा ओरबाडून घेतलं होतं. पण डब्याच्या बुडाला भोकं पाडली ती त्यानेच. ड्रिलने, सगळी एका मापाची.

आठव्या वर्षी मला फुलं आली. त्याच महिन्यात तिला दवाखान्यात ठेवलं आणि ती परत आली नाही. फुलांचा फोटो मुलीने तिला फोनवर दाखवला, असं कानावर आलं.

घरात तिघं उरली. नवरा, त्याची आई, म्हणजे मुलीची आजी, आणि मुलगी. ताटं वाढली जात, टीव्ही चालू असे, दिवे वेळेवर बंद होत. तिचं नाव मात्र कुणी काढत नसे. तिघंही आपापल्या जागी दगड झाली होती.

सकाळी कामावर निघण्याआधी नवरा मला मगभर पाणी घालायचा. मुलगी दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. ती दुपारी जेवायला आली की बाटली माझ्यात रिकामी करायची. संध्याकाळी आजी तांब्या घेऊन यायची. तिघंही ओतण्याआधी मागे वळून बघायची, कुणी बघत नाही ना. मातीत बोट घालून बघायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

मुळांना हवाही लागते. मी गुदमरलो. आधी फुलं गळली, मग पानं पिवळी पडायला लागली. पिवळं पान दिसलं की तिघांनाही वाटायचं, पाणी कमी पडतंय. एका मगाचे दोन मग झाले. मुळं कुजायला लागली तेव्हा दुखलं. नंतर दुखायचंही थांबलं. दुखत होतं ते बरं होतं, असं आता म्हणतो.

एक दिवस खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "अहो, आमच्या छताला ओल आलीय. वर प्लंबर राहतो म्हणून आम्ही निर्धास्त होतो!"

हे नवऱ्याच्या फार वर्मी लागलं. त्याने न्हाणीघराच्या फरशा उखडल्या, पाइप तपासले, दिवसभर मुख्य नळ बंद ठेवला. पाइप ठणठणीत होते, पण ओल काही हटेना. ओल बाल्कनीच्या बाजूलाच जास्त होती, म्हणून शेवटी सुट्टी काढून तो बाल्कनीत स्टूल टाकून पहाऱ्याला बसला. बसण्याआधी मला मगभर पाणी घातलंच.

दुपारी मुलगी बाटली घेऊन आली आणि दचकली.

"तू कशाला घालतेस? मी घालतो की रोज."

"बाबा, तुम्ही? आईने मला सांगितलं होतं. म्हणाली, बाबांच्या लक्षात राहायचं नाही."

तो स्टुलावरून उठला. "मला म्हणाली, पोरीवर सोडू नका. तिचं तिलाच सुचत नाही."

बोलणं ऐकून आजी दारात आली होती. "आणि मला म्हणाली, आई, ह्या दोघांच्या नादी लागू नका, तुम्हीच बघा."

तिघं एकमेकांकडे बघत राहिली. आधी आजीला हसू फुटलं. "म्हणजे एकाचाही भरवसा नव्हता हो तिला!" मुलगी हसता हसता रडायला लागली. नवऱ्याने कठड्याकडे तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. सात महिन्यांत ती तिघं पहिल्यांदा तिच्याबद्दल बोलली.

खालची ओल माझ्याच डब्याच्या भोकांतून झिरपलेल्या पाण्याची होती. त्याने मला डब्यातून उपसलं, काळी पडलेली मुळं कापली आणि कोरड्या मातीत लावलं. आता रोज संध्याकाळी तिघं माझ्याभोवती बसतात. खोडाची साल नखाने खरवडतात, आत हिरवं दिसतं का बघतात. बघता बघता तिच्या गोष्टी निघतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने तीनदा दूध उतू घालवलं, असं आजी सांगते. मुलगी म्हणते, शक्यच नाही. नवरा म्हणतो, चारदा. चहा गार होतो, तरी कुणी उठत नाही.

मी मुळापासून संपलोय. खोडात थोडा जीव आहे, तो आठ-पंधरा दिवस पुरेल. मला त्याचं वाईट वाटत नाही, वाटायला काही उरलेलं नाही. फक्त एक विनंती आहे. तुम्हाला झाडांतलं कळत असेल आणि कधी या घरी आलात, तर माझ्याकडे बघून लगेच 'हे गेलं' म्हणून मान हलवू नका. एखादं स्टूल ओढून बसा. आजीची गोष्ट आधी पुरी होऊ द्या.