मसालेवाल्याचं नाक

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून माझे तीन डॉक्टर आणि अकरा गुरुवार करून झाले. माझ्यात दोष नाही असं तिघांनीही लिहून दिलं, तरी उपास मलाच. चौथ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र माझ्या नवऱ्याला, जयसिंगला, समोर बसवलं. एकदाचं कुणाला तरी सुचलं.

त्याच्या तपासणीत एकही शुक्राणू नव्हता. जन्मतः दोन्ही अंडकोष पोटातच राहिले होते, सातव्या वर्षी ऑपरेशन करून खाली आणले होते. बाईंनी त्याच्या विरळ दाढीकडे पाहिलं आणि सहज विचारलं, वास येतो ना?

"आमचं बिबवेवाडीत मसाल्याचं दुकान आहे, मॅडम. न येऊन कसं चालेल?"

त्या पुढचं लिहायला लागल्या आणि माझं डोकं फिरलं. आदल्याच आठवड्यात गॅस चालू राहिला होता. मी वासानं बाथरूममधून धावत आले, तर हा शेगडीशेजारी निवांत पेपर वाचत होता. वेंधळा म्हणून मी सोडून दिलं होतं.

"मॅडम, हे खोटं बोलतायत," मी म्हणाले. "यांना वास येत नाही. धनेसुद्धा घड्याळ बघून भाजतात."

जयसिंगनं मान खाली घातली. जन्मापासूनच येत नाही, म्हणाला. गिऱ्हाइकांना कळलं तर मसाला कोण नेणार, या भीतीनं आईलाही सांगितलं नव्हतं.

बाई चिडल्या नाहीत, उलट खूश झाल्या. बाळ पोटात असताना नाकाच्या नसा आणि मेंदूतल्या हार्मोनचा हुकूम देणाऱ्या पेशी एकाच वाटेनं जातात, असं त्यांनी समजावलं. काही जनुकांत बिघाड असला की दोन्ही वाटेत अडकतात. मग वास येत नाही, अंडकोष उतरत नाहीत, शुक्राणू तयार होत नाहीत. पण यावर इंजेक्शनं आहेत. दीड-दोन वर्षं लागतील, हमी नाही, पण पुष्कळांना मूल होतं. मला तिथंच रडू आलं, आणि लाजही वाटली नाही.

जनुकांचा रिपोर्ट महिन्यानं आला. अंदाज बरोबर निघाला. घरी सासूबाईंना, मथुराबाईंना, सगळं सांगितलं. आपल्या वडिलांनाही वास येत नसे, असं त्या म्हणाल्या.

"मग हा पोटात असताना म्या मिरच्यांची पोती उचलली, त्यानं नव्हं?"

"नाही, आई."

"डाक्टरनीला नीट इचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. तरी विचारलं म्हणाले, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तेहतीस वर्सं याच्याकडं नीट बघवत नव्हतं मला."

जयसिंग जाऊन त्यांना खेटून बसला. पहिलं इंजेक्शन कधी, एवढंच त्यांनी विचारलं. शनिवारी, मी सांगितलं.

"मी येते संगं," त्या म्हणाल्या.