येते म्हणून गेलेली

त्या भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग कुवेतला लागला आणि आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा विषयच उरला नाही. खालच्या मजल्यावरच्या फखरुन्निसा आंटी मध्यंतरातच उठून आल्या होत्या. "तौबा तौबा, मत जाना उल्का," लिफ्टमध्ये माझा हात धरून त्या म्हणाल्या, आणि स्वतःचा मजला सोडून थेट माझ्या मजल्यापर्यंत येत तोवरची सगळी गोष्ट सांगून मोकळ्या झाल्या. माझा नवरा आलोक मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत आहे. त्याच्या ऑफिसातला एक दांडगा गडी म्हणे सिनेमा पाहिल्यापासून दिवा लावून झोपतो.

आणि माझ्या लेकीला, अक्षराला, नेमका हाच सिनेमा बघायचा होता. ती पंधराची, त्यामुळे बरोबर मोठं माणूस हवं. मला असल्या सिनेमांचा तिटकारा आहे. पण अलीकडे मला भुतांपेक्षा माझ्या पोरीचीच जास्त काळजी वाटायला लागली होती.

माझी धाकटी बहीण सुचित्रा फेब्रुवारीत गेली. इथेच बँकेत होती, आमच्याच घरी राहायची. अक्षरा तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. सुचित्रा साध्या ऑपरेशनला म्हणून गेली आणि घरी आलीच नाही. अग्नी द्यायला मी तिला गावी, चिपळूणला घेऊन गेले. अक्षराची परीक्षा होती, म्हणून ती आलोकजवळ राहिली. तेव्हापासून ही मुलगी एकदाही रडलेली नाही. मावशीचं नाव काढलं की "आय ॲम फाइन, मम्मा" म्हणते आणि लॅपटॉपवर भुतं बघत बसते. बाहुलीतली, आरशातली, जपानी, कोरियन, मिळतील ती. पोरगी दगड झाली की काय, असं वाटायचं.

शुक्रवारी दुपारी गेलो. सकाळी धुळीचं वादळ येऊन गेलं होतं आणि त्याची धूळ अजून हवेतच तरंगत होती. इमारती, खजुराची झाडं, सिग्नलला थांबलेल्या गाड्या, सगळं फिकट पिवळ्या पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. थिएटरात शिरल्यावरही मला वाटत राहिलं की ती धूळ आपल्यामागून आत आली आहे आणि पडद्यासमोर हळूहळू फिरते आहे.

सिनेमा हिंदी, पण त्यातली भूत झालेली बाई मराठी होती. इथल्या सेन्सॉरच्या कात्रीने बरंच काही उडवलेलं. बाई कोयता उचलते, आणि पुढच्याच क्षणी लोक स्मशानातून परतत असतात. पण जे ठेवलं होतं तेच भयंकर होतं. ती बाई मेलेल्या मुलीला मांडीवर घेऊन वरणभात भरवते. घास ओठांवरून ओघळतो, ती तो बोटाने गोळा करून पुन्हा भरवते. मागे कोणीतरी उमासा आल्यासारखं खोकलं. एक जोडपं उठून गेलं. पोरांचा एक घोळका उगाच मोठमोठ्याने हसत होता, घाबरलेली पोरं हसतात तसा. अक्षरा मात्र पुढे वाकून, अभ्यासाला बसल्यासारखी बघत होती.

शेवटी त्या बाईच्या मुलीला अग्नी मिळतो. बाई घराच्या दारात येते, केस नीट बांधलेले, चेहरा शांत. वळून घराकडे बघते आणि म्हणते, "येते."

पडद्याखाली इंग्रजीत अक्षरं उमटली, 'आय ॲम कमिंग'. त्याखाली अरबीतही बहुधा तेच असावं, कारण अख्खं थिएटर किंचाळलं. मग कोणीतरी ओरडलं, "पार्ट थ्री!" आणि शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्या पुढच्या रांगेत कंपनीच्या बसने शुऐबाहून आलेली आपली कोकणातली काही माणसं बसली होती. त्यांच्यातला एक जण तेवढा हळूच म्हणाला, "गेली रे बिचारी. सुटली."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. अक्षराने माझं मनगट घट्ट धरलं. "मम्मा, शी इज कमिंग बॅक!"

"नाही गं. ती चाललीय."

"पण ती येते म्हणाली."

"आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत. जाताना 'येते'च म्हणतात."

तिने मनगट सोडलं. दिवे लागले, लोक पॉपकॉर्न तुडवत निघाले, तरी ती बसून राहिली.

मॉलमागे समुद्र आहे. तिथे आलो तेव्हा पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. एक होडी मधेच, कशावरही न टेकता उभी होती.

"ऑलवेज?" अक्षराने विचारलं. "कायम तसंच म्हणतात?"

"हो."

"मावशी हॉस्पिटलला जाताना म्हणाली, 'येते गं अक्षू.' ती रोज बँकेत जाताना म्हणायची आणि रोज यायची. मला वाटायचं, शी प्रॉमिस्ड." तिचा आवाज चिरकला. "मी ते सगळे मूव्हीज का बघते, सांगू? ते लोक परत कसे येतात ते बघायला. दार उघडं लागतं का, लाइट बंद लागतात का. मी रात्री कडी काढून ठेवते, मम्मा."

इतके महिने माझ्या घराचं दार उघडं होतं आणि मला पत्ता नव्हता. आणि आज, भाषा समजावून सांगायच्या नादात, तिची मावशी मी तिच्याकडून काढून घेतली होती. मी तिला जवळ ओढलं. मग ती रडली. फेब्रुवारीपासूनचं सगळं रडली, माझ्या खांद्यात तोंड खुपसून, लहानपणी रडायची तसं नाक ओढत.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी तिला 'ओके, बाय' म्हणाले. हेडफोनसुद्धा काढला नाही." मग नाक पुसत म्हणाली, "येते म्हटल्यावर आपण काय म्हणायचं असतं?"

"ये म्हणायचं असतं."

ती समुद्राकडे वळली. "ये, मावशी," ती म्हणाली.

गेलेल्या माणसाला ये म्हणू नये, आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. माझा हात तिच्या तोंडावर ठेवायला उचललाच गेला होता. तो मी खाली घेतला.

"ये गं, सुचे," मी म्हणाले.