तारेचं बटण

धनंजयने ट्रायपॉडचा एक पाय सुतळीने खिडकीच्या गजाला करकचून बांधला, कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा बाहेर ओढून खाटेकडे वळवला आणि लांब तारेला लावलेलं बटण वडिलांच्या उजव्या मुठीत दिलं.

"बाबा, दिसते का?"

अण्णाजींनी पापणी मिटून उघडली. पडद्यावर अंगणातला मांडव आला होता. वर छताला टाकलेले जांभळीचे हिरवे डगाळे, बोहल्यावरची सतरंजी, पाण्याच्या पिंपाशी भांडणारी पोरं. काचेला डोळा लावायची गरजच नव्हती. फोटो निघायच्या आधीच फोटो समोर होता.

"याले लाइव्ह व्ह्यू म्हणतेत. बटण अर्धं दाबलं का चेहऱ्यावर हिरवा चौकोन येते. पुरं दाबलं का झालं. वरतं लाईट बी लावला, अंधार पडला तरी काई नाई."

"कोणाले शिकवून राह्यला बाबू?" नलूबाई म्हणाल्या. "त्यायनं तुह्या बारशाचा फोटो काढला होता."

"तवा असा पडदा नव्हता ना आई."

"तवा पडदा नव्हता, पण फोटो निघे."

धनंजय हसला आणि फेटा सावरत बाहेर गेला. आज तो नवरीचा बाप होता, त्याला उभं राहायला वेळ नव्हता.

सिंदीच्या स्टेशन रोडवर अण्णाजींचा स्टुडिओ चाळीस वर्षं चालला. पुढच्या खोलीत ते, मागच्या काळोखात लाल दिव्याखाली नलूबाई. फोटो धुवायचं काम त्यांचं. हायपोच्या रसायनाने बोटांची कातडी पांढरी पडायची, नखं पिवळी व्हायची. हात सदा ओले, म्हणून कॅमेऱ्याला शिवायची त्यांना बंदी होती, आणि त्यांनीही कधी तशी हौस केली नाही. गावातल्या निम्म्या नवऱ्या ट्रेमधल्या पाण्यातून हळूहळू वर येताना त्यांनीच सगळ्यांच्या आधी पाहिल्या. पण बटण दाबणं कसं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

माघात अण्णाजींचं डावं अंग गेलं, वाचा गेली. नातीचं, खुशीचं, लग्न फाल्गुनातून वैशाखात ढकलावं लागलं. पुलगावची सोयरी मंडळी त्या वेळी गप्प राहिली, पण नवी तारीख धरायच्या बैठकीत नवरदेवाची आत्या शकुबाई सगळ्यांसमोर बोलून गेली, "एक डाव थांबलो. आता मांडवात सुतक पडलं तर आमी उभ्या पायी वापस जाऊ. अशी पायगुणाची पोरगी घरात घ्याची कशी?" देवक बसलं की सुतक लागत नाही, असं भटजी म्हणाले. "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा," शकुबाईने त्यांनाही गप्प केलं. चहाचा ट्रे घेऊन आलेली खुशी दारातच थांबली होती. त्या संध्याकाळी ती आजोबांच्या उशाशी येऊन बसली. "आबाजी, माह्या लग्नाचा फोटो तुमीच काढजा," एवढंच म्हणाली.

आठवड्याभरापूर्वी डॉक्टरांनी निम्मी औषधं बंद केली. धनंजयने कारण विचारलं नाही.

वरात टेकली तेव्हा ऊन उतरलं होतं, पण भिंती अजून भट्टीसारख्या होत्या. खोलीत कूलर घरघरत होता. नवरदेवाकडच्या बायकांमधून शकुबाई सगळ्यांत आधी खिडकीशी आली आणि गजाला नाक लावून आत डोकावली.

"काय अण्णाजी? पडल्या पडल्या फोटो काढता म्हणे!"

खिडकीत लख्ख उजेड पडला. शकुबाई दचकून दोन पावलं मागे गेली, मग हसत सुटली.

"अगं माय! बुवा तर चांगले जागे हायेत! माह्या नाकाचाच फोटो काढला असंन!"

मांडवात हशा पिकला. अण्णाजींच्या ओठांचा उजवा कोपरा जरासा वर गेलेला नलूबाईंनी पाहिला. पुढे मग जाणारे-येणारे खिडकीकडे बघू लागले. उजेड पडला की कोणीतरी म्हणायचं, "काढला, काढला."

नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला, त्याच्यामागे वाजंत्री गेली, आणि मांडव जरा रिकामा झाला. नलूबाई ओल्या फडक्याने अण्णाजींचा गळा पुसत होत्या. पुसता पुसता हात थांबला. छातीवरची चादर हलत होती, पण चादर कूलरच्या वाऱ्यानेही हलते. त्या उठल्या आणि त्यांनी कूलर बंद केला.

चादर थांबली.

त्यांनी नाकापुढे तळवा धरला. बराच वेळ धरला. मग तांब्यात बोट बुडवून ते ओठांवरून फिरवलं, पापण्या खाली ओढल्या, आणि कूलर पुन्हा लावला. चादर पुन्हा हलू लागली. दाराला आतून कडी घालून त्या खाटेच्या कडेला बसल्या. हुंदका येईल म्हणून पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. हुंदका आला नाही. पडद्यावर कोणीतरी बोहल्यावर अक्षतांचं ताट आणून ठेवलं, त्यावर रुमाल झाकला.

वाजंत्रीचा आवाज परत जवळ आला.

"आजीबाई!" खिडकीत शकुबाई होती. "नवरदेवाले ओवाळाचं हाये. पाचवी सुवासिन कमी पडून राह्यली. या बरं बाहेर."

नलूबाई खाट आणि खिडकी यांच्यामध्ये उभ्या राहिल्या.

"दुसरीले घ्या बाई. मले यायच्या खाटेपासून हलता येत नाई."

"पाच मिनिटाचं तर काम." शकुबाईने मान तिरकी केली. "अन् उजेड काऊन बंद झाला? झोपले का बुवा?"

"नाई. नवरदेवाची वाट पाहून राह्यले."

नलूबाई मागे वळल्या. अण्णाजींची मूठ अजून नरम होती. बोटं एक एक करून उघडावी लागली नाहीत, बटण सहज निघालं. त्यांनी दोन्ही हात पदराला कोरडे पुसले आणि अंगठा दाबला. काही झालं नाही. आणखी जोर दिला, तेव्हा कॅमेरा खटकन वाजला आणि खिडकी पांढरी झाली.

"घ्या! जागेच हायेत!" शकुबाई बाहेरच्यांना म्हणाली आणि पाचवी सुवासीण शोधायला गेली.

गोरज लागला. बोहल्यावर अंतरपाट धरला गेला. पडद्यावर खुशी एवढीशी दिसत होती, मुंडावळ्यांच्या आड हनुवटी तेवढी. पलीकडे नवरदेव श्रावण, कपाळावरचा घाम पुसत. भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं. "सावधान" झालं, अक्षता उडाल्या, आणि नलूबाईंनी बटण दाबलं.

खिडकी पांढरी झाली, पडदा क्षणभर काळा झाला. मग फोटो उमटला. त्यात हातच हात होते. वर उचललेल्या मनगटांनी नवरी झाकली होती, नवरदेव झाकला होता, अंतरपाटाची नुसती एक कड दिसत होती.

अक्षता उडताना अण्णाजींनी आयुष्यात कधी बटण दाबलं नव्हतं. हात खाली येऊ द्या, मग माणसं दिसतात, असं ते शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. धनंजयलाही तेच सांगत त्यांनी वाढवलं होतं.

पडद्यावर चौकट पुन्हा चालू झाली. सगळ्यांचे डोळे अंतरपाटावर होते. एकटा धनंजय मान वळवून खिडकीकडे पाहत होता. त्याच्या मुठीतल्या अक्षता तशाच होत्या. दुसरं मंगलाष्टक संपलं, लोकांनी हात उचलले, तरी त्याने हात उचलला नाही. बायकोने कोपर मारलं तेव्हा तो पुढे वळला.

नलूबाई आता हात खाली यायची वाट पाहू लागल्या. अंतरपाट सरला. खुशीने हार घातला, मुंडावळ्या बाजूला केल्या आणि सरळ खिडकीकडे पाहून हसली. तो फोटो नीट आला. पाण्यातून वर यायची वाट पाहावी लागली नाही.

पंगती बसल्या. भाजीभाकरी, वडे, बुंदी, वाढप्यांची धावपळ. लग्न लागलं होतं, पण बिदाई व्हायची होती आणि वरात अजून आपल्याच अंगणात होती. नलूबाईंनी खिडकीतून आलेलं ताट घेतलं आणि झाकून ठेवलं.

दारावर थाप पडली.

"आई." धनंजयचा आवाज होता. "समद्यायचा मिळून एक फोटो राह्यला. तू बाहेर ये ना. बाबा दाबतीन बटण."

नलूबाई दारापर्यंत गेल्या आणि कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी नाई येत."

दारापलीकडे कोणीतरी त्याला बर्फाच्या लाद्या कुठे ठेवायच्या म्हणून विचारलं, पुन्हा विचारलं, आणि उत्तर न मिळताच निघून गेलं.

"आई, बटण जड जाते का?"

"नाई. जमते."

"बिदाईले अजून टाइम हाये."

"होऊ दे सावकाश. पोरीले घाई नको करू."

तो जाताना त्याची चप्पल पायरीवर अडखळल्याचं ऐकू आलं.

मांडवात खुर्च्या मांडल्या गेल्या. नवरा-नवरीच्या शेजारची एक खुर्ची खुशीने हात ठेवून अडवली होती. "आजी येऊन राह्यली," ती सगळ्यांना सांगत होती. धनंजयने तिच्या कानात काही सांगितलं. तिने हात काढला तशी शकुबाई येऊन त्या खुर्चीवर ऐसपैस बसली आणि पदर सारखा केला.

धनंजय सगळ्यात शेवटी मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मग त्याने डोक्यावरचा फेटा काढला, घडी केल्यासारखा काखेत धरला.

"अहो भाऊ, फेटा घाला ना! नवरीचे बाप हाव तुमी," शकुबाई मागे वळून म्हणाली. "फोटोत बोडकं डोकं बरं दिसते का?"

"राहू द्या आत्याबाई. लय उकडून राह्यलं."

पडद्यावरचा हिरवा चौकोन खुशीवरून शकुबाईवर गेला, तिथून उडून मागच्या रांगेत आला. नलूबाईंनी बटण अर्ध्यावर दाबून धरलं. चौकोन धनंजयवर थांबला. त्याची मान खाली होती.

"काढा ना अण्णाजी!" कोणीतरी ओरडलं. "पाय दुखून राह्यले!"

नलूबाई थांबून राहिल्या. अंगठ्याला कळ लागली तरी त्यांनी तो पुढे नेला नाही, मागेही घेतला नाही. पहिल्या रांगेतलं हसू विरायला लागलं. तेवढ्यात धनंजयने मान वर केली आणि सरळ खिडकीत पाहिलं.

त्यांनी बटण पुरं दाबलं.